कोपर

तोरलाइफ घोरतो, हे वार्डोत कुणाला नवीन नाही.
एका हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी आली समजून
शेजारच्या ओस्लौगने दारातली मोटार बाजूला घेतली होती,
पहाटे तीन वाजता, झोपेच्या कपड्यांवर.
ती अजून सांगते. मी अजून हसते.

सासूबाईंचा उपाय सगळ्यात जुना.
लोकरी बंडीला पाठीत खिसा, खिशात टेनिसचा चेंडू.
उताणा झाला की टोचेल, कुशीवर वळेल.
वळला. माझ्याकडे वळला.
चेंडू मात्र खिसा उसवून निसटला
आणि लाकडी जिना उतरत गेला
एकेक पायरी मोजून, अगदी सावकाश.

मग नाकावरच्या पट्ट्या. नाक रुंद झालं. आवाजही.

मग झोपण्याआधी चमचाभर माशाचं तेल.
त्याने खरखर तेवढी गेली.
तेलपाणी केलेल्या यंत्रासारखा
तो आता जास्तच सुरळीत घोरू लागला.

ओडवार शाळेच्या बँडमध्ये आहे.
म्हणाला, गळ्याचे स्नायू सैल पडलेत, ट्यूबा फुंक.
दोन महिने फुंकला.
रात्रीचा आवाज थोडा उतरला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.
पण मग दिवसा ट्यूबा होता.

किर्केनेसच्या दंतवैद्याने साचा करून दिला,
खालचा जबडा पुढे ओढून धरणारा.
तो घातला की नवरा दिसे
जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या रागीट माशासारखा.
किंमत विचारू नका. तीन आठवडे सुख.
चौथ्यात कुत्र्याने तो चघळला.
कुत्रा आता घोरत नाही.

वेगळी खोली, हा उपाय माझा.
मुलगी बर्गनला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती.
पहिल्या रात्री भिंतीआडून आवाज आला, बेताचा,
कुणी दूर लाकूड कापत असावं तसा.
मग तो थांबला,
आणि मी अंथरुणात उठून बसले.

हे मी ओस्लौगलासुद्धा सांगितलेलं नाही.
घोरण्याचं मला कधीच काही वाटलं नाही.
त्याच्या बापाच्या बोटीला एकच सिलिंडर होता,
डुक डुक डुक, लग्नानंतर त्या आवाजावरच मी झोपायला शिकले.
पण भर समुद्रात इंजिन बंद पडलं
की बोटीतली सगळी माणसं कशी एकदम एकमेकांकडे बघतात,
तसा असतो तो मधला खंड.
मी मोजते. बारा. अठरा.
एकदा चाळीसपर्यंत गेले होते.
मग कोपर. डाव्या बरगड्यांच्या खाली, नेमकी जागा ठरलेली.
एक आचका, एक शिवी, आणि इंजिन पुन्हा चालू.
भिंतीपलीकडून कोपर पोचत नाही.
चौथ्या रात्री उशी उचलून मी खाली आले.
तो म्हणाला, थंडी वाजली ना वर?
मी म्हटलं, हो.

इस्पितळात त्याला तारा लावून झोपवलं.
सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला, पोरसवदा, गंभीर.
तासाला एकेचाळीस वेळा श्वास थांबतो.
इतकी वर्षं तुम्ही यावर काय करत होता?
काही नाही, तोरलाइफ म्हणाला.
मी कोपर चोळत बसले.

आता यंत्र आहे. मुखवटा, नळी, हवेचा मंद रेटा.
सगळ्यांत सरस हेच, मान्य.
त्याला स्वप्नं पडू लागलीत, आणि तो ती न्याहारीला सांगतो,
फार लांबवतो.
दोन महिन्यांच्या काळोखानंतर सूर्य वर आला
तेव्हा यंदा तो माझ्याआधी खिडकीत उभा होता,
कॉफी करून.

तरी रात्री दोनच्या सुमारास
माझं कोपर आपसूक निघतं,
जुन्या पत्त्यावर जाऊन थडकतं.
मुखवट्याआडून, डोळे न उघडता,
तो म्हणतो, चालू आहे.